२.४ किमी उपसा लाइन, मध्ये दोन चढ: एअर व्हॉल्व्ह कुठे, किती आणि कोणते बसवावेत?

माळकरी
नदीवरून माळावर पाणी न्यायची नवीन लाइन आखली आहे. चर अजून खणलेली नाही, त्यामुळे बदल करायला वाव आहे. लेव्हल मशिनने घेतलेली माहिती अशी (नदीकाठच्या पंपाची पातळी १०० धरली आहे):

० मीटर, पंप: १००
६०० मीटर, रस्त्याचा भराव: १२१
९०० मीटर, ओढा: ११३
१५०० मीटर, टेकाडाचा माथा: १२८
१६५० मीटर: १२६
२१०० मीटर: १२६.४ (मधला पट्टा जवळपास सपाट)
२४०० मीटर, शेततळ्यात सोडायचं टोक: १३४

पाइप १४० मिमी पीव्हीसी, ६ किलोचा (दर चौरस सेंमीला ६ किलो दाब सोसणारा). पंप १५ एचपी, अपेक्षित पाणी सेकंदाला १२ लिटर. लाइट पाळीने येते, मध्येच जाते, स्टार्टरला ऑटो आहे. दुकानात अर्ध्या इंचीपासून दोन इंचीपर्यंत एअर व्हॉल्व्ह दाखवले. 'सिंगल', 'डबल', 'कायनेटिक' असे प्रकार सांगितले, पण कोणता घ्यायचा याचं कारण मिळालं नाही. कुठे, किती आणि कोणते बसवावेत?

फिटर नाना
दोन्ही चढांवर एकेक, झालंच तर सपाट पट्ट्यात एक. सरळ दोन इंची डबल टाका, मोठा असला की हवा लवकर निघते. १४० च्या लाइनला दोन इंची टी (तीन तोंडांचा जोड) सहज मिळते.

हेडलॉस
नानांनी चढांवरच्या जागा बरोबर सांगितल्या. साइझबद्दल माझं मत वेगळं आहे, पण त्याआधी हेड, म्हणजे मीटरमध्ये मोजलेला पाण्याचा दाब, पाहू. व्हॉल्व्हची निवड जमिनीच्या चढउतारावर जितकी अवलंबून असते तितकीच त्या जागी पाण्याचा दाब किती राहतो यावर असते.

१४० मिमी ६ किलो पाइपाचा आतला व्यास साधारण १३० मिमी येतो. १२ लिटर पाण्याला वेग ०.९ मीटर प्रति सेकंद. घर्षणात किलोमीटरमागे सुमारे ६.५ मीटर हेड जातं, २.४ किमीला १५.५ मीटर. चढ ३४ मीटर, बेंड आणि व्हॉल्व्हचे दीड मीटर धरा. एकूण ५१ मीटर. पंपाची कार्यक्षमता ६०% धरली तर साडेतेरा एचपी लागतात, म्हणजे १५ एचपी पुरेल.

मोटर चालू असताना पाण्याचा दाब ६०० मीटरवर २४.६ मीटर, म्हणजे अडीच किलो. ओढ्यात ३ किलोच्या थोडा वर. टेकाडाच्या माथ्यावर फक्त ११.८ मीटर, १.२ किलो. मोटर बंद असून लाइन भरलेली असेल तर रस्त्याच्या भरावावर १३ मीटर आणि टेकाडावर ६ मीटर उरतात.

आता हवा धरली तर काय होतं ते बघा. माथ्यावर साठलेली हवा तिथेच बसत नाही, प्रवाहाबरोबर पुढच्या उतारावर लांबत जाते. त्या उतारावर पाणी पाइपाच्या तळाने पळतं आणि वर हवा राहते. त्या हवेच्या पट्ट्याची उभी उंची जितके मीटर, साधारण तितकं हेड वाया जातं. तुमच्या लाइनीत ६०० नंतरचा उतार १२१ वरून ११३ वर येतो, म्हणजे तिथे ८ मीटरपर्यंत नुकसान होऊ शकतं. टेकाडानंतरचा उतार २ मीटरचाच आहे. टेकाड उंच दिसतं म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं, पण पाणी जास्त अडवणारी जागा रस्त्याच्या भरावाची आहे. दोन्ही मिळून १० मीटर, म्हणजे एकूण हेडचा जवळपास पाचवा हिस्सा.

वेगाने हवा आपोआप पुढे निघून जाईल, यावर विसंबू नका. १३० मिमीच्या पाइपात उतारावरची हवा ढकलायला वेग १ मीटरच्या आसपास किंवा जास्त लागतो, आणि तुमचा ०.९ आहे.

माळकरी
सर, ६०० मीटरची जागा मी दुय्यम धरली होती. मग प्रकाराचं काय? दुकानदार अर्ध्या इंची 'एअर रिलीज' पुरेल म्हणतो. मधल्या सपाट पट्ट्यातही लावायचा का?

हेडलॉस
आधी प्रकार. एअर व्हॉल्व्हला तीन कामं असतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह तिन्ही करत नाही.

पहिलं, रिकामी लाइन भरताना भरपूर हवा बाहेर सोडणं. दुसरं, लाइन रिकामी होताना किंवा मोटर अचानक बंद पडल्यावर हवा आत घेणं. या दोन्हींना मोठं भोक लागतं. तिसरं, लाइन दाबाखाली चालू असताना पाण्यातून सुटणारी थोडी थोडी हवा काढत राहणं. हे बारीक भोकाचं काम.

मोठं भोक तिसरं काम का करत नाही? दाबाखाली आतली हवा व्हॉल्व्हमधल्या तरंगत्या गोळ्याला भोकावर दाबून धरते. २५ मिमी भोकाचं क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंमी. ६०० मीटरवरच्या अडीच किलो दाबाला गोळा १२ किलोच्या जोराने चिकटलेला असतो. खाली हवा जमून पाण्याची पातळी उतरली तरी गोळा स्वतःच्या वजनाने सुटत नाही, मोटर बंद होऊन दाब उतरेपर्यंत तसाच राहतो. २ मिमी भोकावर हाच जोर जेमतेम ८० ग्रॅम असतो, तिथे हलका फ्लोटही खाली येतो. म्हणून दाब वाढतो तसं बारीक भोक आणखी बारीक करावं लागतं. ६ किलोसाठी बनवलेला व्हॉल्व्ह १६ किलोच्या लाइनीवर अडकतो तो याच कारणाने.

दुकानातल्या 'सिंगल'ला यापैकी एकच भोक असतं. कोणतं, ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्हाला दोन्ही माथ्यांवर मोठं आणि बारीक अशी दोन्ही भोकं असलेला, म्हणजे 'डबल' किंवा 'कॉम्बिनेशन' हवा. आणि त्याचं मोठं भोक कायनेटिक पद्धतीचं हवं. जुन्या साध्या रचनेत हवेच्या झोतानेच गोळा उचलला जातो आणि पाणी यायच्या आधी भोक बंद होतं. कायनेटिकमध्ये हवा गोळ्याच्या बाजूने जाते, गोळा फक्त पाण्यावर तरंगून वर येतो.

बारीक भोक किती? पाण्यात साधारण २% हवा विरघळलेली असते. दाब कमी होतो तिथे तिचा काही भाग सुटतो. सगळी सुटली असं धरलं तरी १२ लिटरला ०.२४ लिटर प्रति सेकंद. टेकाडावरच्या १.२ किलो दाबाला २ मिमीचं भोक सेकंदाला जवळपास लिटरभर मोकळी हवा काढतं. पुरेसं आहे.

सपाट पट्टा: १६५० ते २१०० मध्ये ४५० मीटरला ४० सेंमीचा चढ आहे, १:११२५. इतका कमी उतार पाइप टाकताना टिकत नाही. चरीच्या तळातल्या खाचखळग्यांनी जागोजाग छोटे माथे तयार होतात आणि प्रत्येकात हवा बसते. तिथे व्हॉल्व्ह लावत बसण्यापेक्षा चर सुधारा. चढत्या भागात किमान १:५००, उतरत्या भागात १:२५० ठेवायचा संकेत आहे. १६५० ला पाइप अर्धा मीटर खोल घेतला तर ४५० मीटरला ९० सेंमी मिळतात, बरोबर १:५००. मग हवा स्वतःहून पुढे सरकते आणि २१०० नंतरच्या चढाने शेततळ्यात निघून जाते. तिथे व्हॉल्व्ह लागत नाही.

जलरेखा
हेडलॉस यांची आकडेमोड बरोबर आहे, पण या लाइनीला खरा धोका मोटर बंद पडण्याच्या क्षणी आहे. व्हॉल्व्हची साइझ त्यावरूनच ठरवायला हवी.

लाइट गेली की पंप एकदम थांबतो, पुढचं पाणी मात्र ०.९ मीटर वेगाने जातच असतं. मागे दाब कोसळतो. ६ किलोच्या पीव्हीसीत ही दाबाची लाट सेकंदाला सुमारे ३२० मीटर पळते, त्या हिशोबाने पडणारा दाब २९ मीटर. आता वरचे आकडे घ्या. ६०० मीटरवर २४.६ मीटर दाब होता, त्यातून २९ गेले तर उणे साडेचार. टेकाडावर ११.८ मधून २९ गेले तर उणे १७. पण उणे १० च्या खाली दाब जाऊच शकत नाही. तिथे पाणी तुटतं, मध्ये पोकळी होते आणि काही सेकंदांनी दोन्हीकडचं पाणी परत येऊन एकमेकांवर आदळतं. जॉइंट निसटतात ते या आदळण्याने. लाट पुढे जाताना थोडी मवाळ होते, त्यामुळे हे ढोबळ कमाल आकडे आहेत, पण टेकाडावर निर्वात होणार हे नक्की.

म्हणून दोन्ही जागी हवा आत घेणारं मोठं भोक हवंच. दुकानदार सांगतो तो अर्ध्या इंची 'एअर रिलीज' हवा फक्त सोडतो, त्याने हे काम होत नाही.

साइझचा जुना अंगठेनियम असा: नुसती हवा सोडायची असेल तर पाइपाच्या व्यासाचा १२ वा भाग, सोडायची आणि घ्यायचीही असेल तर ८ वा भाग. १४० ला अनुक्रमे १२ आणि १७.५ मिमी. नियम ढोबळ आहे, तेव्हा तपासून घेऊ. सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे ओढ्यात पाइप फुटणं. टेकाडावरून ओढ्याकडे ६०० मीटरला १५ मीटरचा उतार आहे. त्या उताराने पाणी सेकंदाला २५ लिटरने सुटतं. तेवढीच हवा टेकाडावरून आत यायला हवी, आणि आतला दाब उणे साडेतीन मीटरच्या खाली जाऊ नये. १५ मिमीचं भोक यात जेमतेम पास होतं. २५ मिमीचं सेकंदाला ७० लिटर हवा घेऊ शकतं. १० मिमीच्या भोकातून २५ लिटर हवा जातच नाही.

शेवटचं वाक्य खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा. व्हॉल्व्हवर '१ इंच' लिहिलेलं असतं ते आट्याचं माप. आतलं भोक कित्येकदा १० ते १२ मिमीच असतं. भोकाचं माप विचारा किंवा झाकण काढून स्वतः मोजा. तुम्हाला १ इंची व्हॉल्व्ह हवा, आणि भोकही किमान २० मिमीचं हवं.

फिटर नाना
ताई, मग दोन इंची का नको? जास्त हवा घेईल, तोटा काय?

जलरेखा
नाना, हवा घेण्यात दोन इंचीचा तोटा नाही, पण फायदाही नाही, कारण २५ मिमीच गरजेच्या जवळपास तिप्पट आहे. हवा सोडताना दोघांचं दुखणं एकच: हवा विनाअडथळा निघून जाते, पाणी पूर्ण वेगाने येऊन गोळ्याला लागतं आणि बंद होताना धक्का बसतो. १२ लिटरला २५ मिमीच्या भोकातही जेमतेम १० सेंमी इतकाच अडथळा होतो, म्हणजे गादी मिळत नाही. दोन इंचीला ती अजिबातच नाही. शिवाय मोठी टी, मोठा भार, मोठी किंमत.

धक्का कमी करायचा तर 'नॉन-स्लॅम' घ्या. त्यात एक तबकडी असते. हवा आत येताना ती पूर्ण उघडी राहते. हवा जोरात बाहेर निघू लागली की ती वर चढून मोठं भोक झाकते आणि फक्त ५-६ मिमीची वाट ठेवते. उरलेली हवा दाबली जाते, येणारं पाणी तिच्यावर मंदावतं, मग गोळा हळू बसतो. टेकाडावर हाच लावा. भरावावर साधा कायनेटिक कॉम्बिनेशन चालेल.

पाइपाच्या वर्गाचाही फेरविचार करा. पंपाजवळ चालू दाब ५१ मीटर, त्यावर धक्क्याचे ३० ते ४० मीटर. ६ किलोचा पाइप तिथे पुरत नाही. पहिले ३०० मीटर १० किलोचा, तिथून ११०० मीटरपर्यंत (ओढा पार होईपर्यंत) ८ किलोचा, पुढे ६ किलोचा असा हिशोब बसतो. जाड पाइपाचा आतला व्यास थोडा कमी असतो, म्हणून एखाद-दोन मीटर घर्षण वाढेल. आणि पैसे वाचवायला शेवटच्या टप्प्यात अडीच किलोचा पातळ पाइप कोणी सुचवला तर घेऊ नका. दाबाला तो पुरला तरी निर्वातात चपटा होतो. ६ किलोचा पाइप निर्वात सोसतो, फक्त रबर रिंगचे जॉइंट असतील तर रिंग आत ओढली जाण्याची भीती राहते.

फिटर नाना
पटलं. भोक मोजायचं हे दुकानात कोणी सांगत नाही. मग बसवण्याचं मी लिहितो, कारण व्हॉल्व्ह बरोबर असून फिटिंगमुळे वाया गेलेल्या जोडण्या फार आहेत.

टी की सॅडल (पाइपाला भोक पाडून त्यावर आवळायचा पट्टा)? शक्यतो टी. १४० × ६३ ची रिड्यूसर टी घ्या, तिच्यावर ६३ चा उभा तुकडा, मग १ इंचीला उतरवा. रुंद तोंडाच्या टीमध्ये खालून जाणारी हवा वर येऊन थांबते. सॅडलच्या लहान भोकाखालून ती पुढे निसटते. सॅडलच लावावी लागली तर भोक होल-सॉने पाडा. तापवलेल्या सळईने पाडलेल्या भोकाला आतून ओठ राहतो, तिथे हवा अडते आणि कचराही. आणि भोक व्हॉल्व्हच्या तोंडाइतकं हवं. १ इंची व्हॉल्व्हखाली अर्ध्या इंचाचं भोक पाडलं तर तुमचा व्हॉल्व्ह अर्ध्या इंचीच झाला.

टी उभी ठेवा, तिरकी नको. जागा माथ्यावर किंवा माथ्यापासून प्रवाहाच्या दिशेने एक-दोन मीटर पुढे, अलीकडे कधीच नाही.

मध्ये १ इंची बॉल व्हॉल्व्ह, फुल बोअरचा. स्वस्त बॉल व्हॉल्व्हचं आतलं भोक निम्मंच असतं, पुन्हा तेच. बसवून झालं की त्याची दांडी काढून घरी ठेवा. रस्त्याकडेला दांडी असली की कोणीतरी बंद करतं आणि मग व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

उभा पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) असेल तर त्याचं वजन आणि बैल-ट्रॅक्टरचे धक्के पीव्हीसीच्या टीवर येतात, टी तिथेच चिरते. टीखाली आणि भोवती दीड फूट चौकोनी काँक्रीट घाला आणि उभा पाइप त्यात धरा. काळ्या जमिनीत हे टाळू नका. माती फुगते-आकसते तसा पाइप हलतो.

व्हॉल्व्ह जमिनीच्या वर किमान दोन फूट. प्लास्टिक बॉडीचा असेल तर उन्हासाठी वरून एखादा पाइपाचा तुकडा टोपीसारखा घाला, हवेला बाजूने वाट ठेवून.

गावपाणी
पिण्याच्या पाण्याच्या योजनांवरचे काही मुद्दे घालतो. व्हॉल्व्ह तोच असला तरी चुकीची किंमत तिथे जास्त मोजावी लागते.

चेंबरमध्ये बसवलेला एअर व्हॉल्व्ह पावसाळ्यात पाण्याखाली जातो. पुरवठा बंद झाला की लाइनीत निर्वात होतं आणि व्हॉल्व्ह हवेऐवजी चेंबरमधलं घाण पाणी आत ओढतो. दिवसाआड पुरवठा असलेल्या गावात हे प्रत्येक पाळीला होतं. पाणी पिऊन लोक आजारी पडतात आणि गळती शोधली तर सापडत नाही, कारण ती गळती नसतेच. चेंबरला निचरा हवा. तो शक्य नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला पाइप जोडून तो पुराच्या पातळीच्या वर न्या आणि टोक खाली वळवून जाळी लावा.

दुसरं, पाणीटंचाईच्या भागात लोक गळक्या एअर व्हॉल्व्हखाली हंडे लावतात, पाणी कमी पडलं की गोळ्याखाली काडी घालतात. टॅम्पर-प्रूफ झाकण असलेला व्हॉल्व्ह घ्या, पण जवळ एक स्टँडपोस्टही (सार्वजनिक नळ) द्या. नुसत्या कुलुपाने हे थांबत नाही, कारण लोकांची गरज खरी असते.

तिसरं, घरोघरी मीटर असलेल्या योजनेत नळाआधी हवा आली की मीटर हवेवरही फिरतं. लोकांची तक्रार रास्त असते. गल्लीच्या उंच टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह लावला की ती मिटते.

बिडाचे फ्लँजवाले व्हॉल्व्ह घेणार असाल तर आयएस १४८४५ चं चिन्ह पाहा.

ठिबकवाला
माळावर पुढे ठिबक असेल तर सबमेनच्या उंच टोकाला १ इंची व्हॉल्व्ह विसरू नका. मोटर बंद झाली की नळ्यांतलं पाणी उताराने खाली ओघळतं, मागे निर्वात होतं आणि ड्रिपर आजूबाजूचा चिखल आत ओढतो. जमिनीखालच्या ठिबकमध्ये एका हंगामात नळ्या बुजतात आणि दोष फिल्टरला दिला जातो.

ओढ्याकाठी
आमची लाइन जुनी, नकाशा नाही. पाणी कमी येतंय. हवा धरली आहे की फूट व्हॉल्व्ह (सक्शनच्या पाण्यातल्या टोकाचा व्हॉल्व्ह) किंवा सक्शन (पंपाकडे पाणी ओढणारा पाइप) हवा घेतंय, हे खोदल्याशिवाय कसं ओळखावं?

हेडलॉस
डिलिव्हरीवर, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडतं त्या पाइपावर, प्रेशर गेज लावा आणि स्टार्टरचे अँपिअर बघा.

लाइनीत पुढे कुठे हवा धरली असेल तर पंपाला जास्त हेड लागतं. गेज नेहमीपेक्षा वर जातो, पाणी कमी होतं आणि सेंट्रिफ्यूगल पंपाचे अँपिअर उतरतात. काटा स्थिर असतो.

सक्शन हवा घेत असेल तर गेज खाली येतो, काटा थरथरतो, अँपिअर वरखाली होतात. सोडायच्या टोकाला पाणी दुधाळ दिसतं आणि ग्लासात घेतलं की खालून वर निवळत जातं. अशा लाइनीवर एअर व्हॉल्व्ह असतील तर ते सतत फुसफुसत राहतात. ते ऐकून व्हॉल्व्ह बदलू नका, सक्शनचे जॉइंट बघा. पंपाच्या ग्लँडमधूनही (शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधूनही) हवा शिरते.

गेज खाली आणि काटा स्थिर, अँपिअर मात्र जास्त, असं असेल तर पाइप फुटलेला आहे.

नकाशा नसला तरी पारदर्शक नळीची लेव्हल घेऊन लाइनीवरून चालत गेलात तर माथे दोन तासांत सापडतात.

माळकरी
सगळ्यांचे आभार. सुधारलेला आराखडा असा:

६०० मीटर: १ इंची कायनेटिक कॉम्बिनेशन, मोठं भोक किमान २० मिमी, बारीक २ मिमी.
१५०० मीटर: तसाच, पण नॉन-स्लॅम.
१६५० ला चर अर्धा मीटर खोल.
पाइप १०, ८ आणि ६ किलोचा, टप्प्याटप्प्याने.
९०० मीटरला ओढ्यात लाइन धुवायला दोन इंची व्हॉल्व्ह.
पंपाजवळ एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह).

दोन प्रश्न. शेततळ्याच्या टोकाला व्हॉल्व्ह लागेल का? आणि पहिल्यांदा लाइन भरताना किती वेळ द्यावा?

फिटर नाना
टोकाला नको. तिथे दाब जवळजवळ शून्य असतो. गोळ्याला घट्ट बसायला किमान एक-दोन मीटर दाब लागतो, नाहीतर दिवसभर थेंब थेंब गळतो. विकत घेताना हा आकडाही विचारा. तळ्यात सोडायचा पाइप मात्र काठावरून वर घेऊन सोडा, टोक पाण्यात बुडवू नका. टोक बुडलं आणि खाली एनआरव्ही गळला तर तळ्यातलं पाणी सायफनने परत नदीकडे जाईल.

भरायला डिलिव्हरी व्हॉल्व्ह एक तृतीयांश उघडा. वेग ०.३ मीटर, म्हणजे सेकंदाला ४ लिटर धरायचा. पूर्ण लाइनीत ३२ हजार लिटर मावतं, सव्वादोन तास लागतील. ६०० मीटरपर्यंत ८ हजार लिटर, म्हणून भरावावरचा व्हॉल्व्ह ३३ मिनिटांनी बंद व्हायला हवा. त्याआधी बंद झाला तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह फार उघडला आहे असं समजा.

जलरेखा
नाना, पाणी भरावावर ३३ मिनिटांनी पोहोचेल हे बरोबर, पण व्हॉल्व्ह तेव्हा बंद होता कामा नये. पाणी माथा ओलांडून पाइपाच्या तळाने ओढ्याकडे उतरतं, आधी ९०० चा खोलगट भाग भरतो, मग पाणी दोन्ही बाजूंनी वर चढतं. ६०० ते ९०० मधली हवा या काळात मागे येऊन भरावावरच्या व्हॉल्व्हमधूनच निघते. पलीकडच्या चढावर पाणी १२१ च्या पातळीला, म्हणजे साधारण १२२० मीटरला पोहोचलं की मगच तो बंद होतो. तोवर १६ हजार लिटर पाणी गेलेलं असतं, म्हणजे ६५ ते ७० मिनिटं. टेकाडाचंही तसंच: पाणी ८३ मिनिटांनी पोहोचेल, व्हॉल्व्ह बंद होईल दोन तासांच्या सुमारास.

माळकरीदादा, पहिल्या दिवशी भरावावर घड्याळ घेऊन एक माणूस बसवा. व्हॉल्व्ह ३३-३५ मिनिटांनीच बंद झाला तर गोळा पाण्याच्या फवाऱ्याने उचलला गेला आहे आणि पुढच्या उतारावरची हवा आत अडकली आहे. मोटर थांबवा, दाब उतरू द्या, गोळा खाली पडल्याचा आवाज येईल. मग डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणखी कमी उघडून पुन्हा सुरू करा. तरीही तसंच झालं तर तो व्हॉल्व्ह कायनेटिक म्हणून विकलेला असला तरी कायनेटिक नाही. दुकानदाराला परत करा.

ऑटोला टायमर लावा. लाइट आल्याबरोबर मोटर सुरू झाली तर माथ्यावर आत आलेली हवा आणि मागे-पुढे हिंदकळणारं पाणी यांच्यावर नवीन पाणी आदळतं. या लाइनीत दाबाची लाट एकदा टोकाला जाऊन परत यायला १४-१५ सेकंद लागतात आणि ती बऱ्याच फेऱ्या मारते. तीन ते पाच मिनिटांचा उशीर ठेवा.

ओढ्यातला धुण्याचा व्हॉल्व्ह उघडायच्या आधी दोन्ही एअर व्हॉल्व्हखालचे बॉल व्हॉल्व्ह उघडे आहेत हे बघून घ्या. पावसाळ्यानंतर दोन्ही एअर व्हॉल्व्ह खोलून धुवा, नदीचा गाळ आधी त्या २ मिमीच्या भोकात बसतो. भोक मोकळं करायला तार घालू नका, कड खरचटली की तो कायमचा गळतो. पाण्याच्या झोताने किंवा मऊ ब्रशने साफ करा.